म्हापशातली मंगळसफर: रुमाल घेऊन जा

बोटीवर कुक म्हणून 21 वर्षं काढली. त्यामुळे शुक्रवारच्या बाजारानंतर नातवाने म्हापशातल्या त्या मंगळाच्या व्हीआर (आभासी) सफरीला ओढून नेलं, तेव्हा मी आधी यानातलं स्वयंपाकघर शोधलं.

250 रुपये, 12 मिनिटं. डोळ्यांवर चढवायचा डबा आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाने ओला. पुसायला फडकंसुद्धा नाही. खुर्ची मात्र झकास हलते. पण यानात टेबलावर चक्क कापलेला पाव! अहो, वजनरहित जागी चुरा तरंगत यंत्रांत, डोळ्यांत जातो, म्हणून अंतराळवीर पावाऐवजी टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) खातात. आमच्या पोदेराचे (पाववाल्याचे) उंडे, म्हणजे गोल पाव, तिथे चालायचे नाहीत. (नातू म्हणाला, "आजोबा, गप बसा हां.")

एक प्रसंग मात्र आत लागला. घरून निरोप येतो, तुम्ही उत्तर पाठवता आणि नुसतं बसून राहता. मंगळ लांब असला की निरोपाला एका दिशेने 20 मिनिटांहून जास्त लागतात. खिडकीत पृथ्वी ठिपक्याएवढी. चवथीच्या दिवशी परक्या बंदरात ट्रंक कॉलसाठी ताटकळलो होतो, ते आठवलं. रशियन अंतराळवीर पोल्याकोव्ह मीर अंतराळस्थानकावर 1994-95 मध्ये सलग 437 दिवस राहिला, त्याचं नावही यांनी घेतलेलं नाही.

पाचपैकी तीन. नातवाला पुन्हा जायचंय; मी बाहेर चहा घेईन.