प्रागमध्ये नोटा मोजल्या, पण वाचल्या नाहीत

२०२३ च्या उन्हाळ्यात मी जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये इंटर्नशिप करत होतो. शनिवार आला की आम्ही चौघं पाठीला सॅक लावून कुठेतरी निघायचो. मी सांगलीचा, एक जण कोइमतूरचा, एक मुलगी ब्राझीलची आणि एक पोरगा व्हिएतनामचा. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग रेल्वेने अडीच तासांच्या आत, म्हणजे सांगली-पुणे करण्यापेक्षाही जवळ.

सीमा ओलांडल्याचं तेव्हा फक्त मोबाइलला कळलं. कोणी पासपोर्ट बघितला नाही, त्यामुळे पैसेही तेच चालतील असं डोक्यात बसलं. पण चेक लोकांनी युरो घेतलेला नाही, तिथे कोरुना चालतात. त्या जुलैत एका युरोला साधारण पावणेचोवीस कोरुना मिळत होते. माणशी ५० युरो वर्गणी काढून २०० युरो माझ्याकडे दिले होते. खजिनदार मी, कारण हिशोबाची वही माझ्याकडे असते. (आता नसते.)

वेन्सेस्लास चौकात पैसे बदलून देणाऱ्या एका दुकानाबाहेर आम्ही दराची पाटी बघत उभे होतो. तिथे २२ च्या आसपास भाव होता. तेवढ्यात बाजूला एक माणूस आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, काखेत छोटी चामडी बॅग. आपल्याकडे एलआयसीचे एजंट असे दिसतात. "इथे नका बदलू, लुटतात. मी २५ देतो," म्हणाला. लुटतात हे त्यानेच सांगितल्यामुळे तो आपल्या बाजूचा वाटला. खरा डाव तिथेच होता.

२०० युरोंचे ५००० कोरुना. तोंडी हिशोब सोपा, सुट्ट्याची कटकट नाही. त्याने अर्धवट दुमडलेल्या पाच नोटा हातात दिल्या. मी अंगठ्याने कोपरे सरकवले: १०००, १०००, १०००... पाच भरल्या. वरची जांभळी होती, तिच्यावर इतिहासकार पालात्स्की, अगदी खरी. "लवकर ठेवा, पोलीस असतात," असं म्हणत तो वळला आणि गर्दीत मिसळला. बाकी तिघांना वाटलं मी बघितलंय. मला वाटलं, चार जण उभे आहेत, कोणीतरी बघितलंच असेल.

ती जांभळी नोट जेवणात मोडली. दुपारी ट्रामची २४ तासांची तिकिटं घ्यायला एका टपरीवर गेलो, १२० कोरुनांचं एक. काउंटरवरच्या बाईने माझी नोट हातात घेतली, उजेडाकडे धरलीसुद्धा नाही. काचेखालून परत सरकवली आणि एकच शब्द बोलली, "फोरिंट."

नोट निळी होती. तिच्यावर हंगेरीच्या बँकेचं नाव ठळक छापलेलं होतं. चारही तशाच. हजार कोरुना म्हणजे ४२ युरो आणि हजार फोरिंट म्हणजे जेमतेम पावणेतीन. चौघांचे मिळून जवळजवळ १६० युरो गेले, आपले चौदा हजारांच्या वर. म्हणे भाव चांगला मिळाला!

पोलिसांनी नीट ऐकून घेतलं, पण पावती, नाव, दुकान यातलं काहीच आमच्याकडे नव्हतं. नंतर कळलं की अधिकृत दुकानातून बदलले असते तर वाचलो असतो. एप्रिल २०१९ पासून तिथे कायदा आहे: १००० युरोंपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत पावती दाखवून रद्द करता येतो. ज्या दुकानाच्या भावाला आम्ही नाक मुरडलं, तिथे फार तर पंधरा युरो जास्त गेले असते.

प्रागला जाणार असाल तर रोख लागतेच कुठे, हे आधी बघा. ट्राममध्येसुद्धा कार्ड टेकवून तिकीट निघतं. एटीएममधून काढायचेच असतील तर मशीन "युरोत रूपांतर करू का?" असं विचारतं, तिथे नकार द्या, नाहीतर मशीन स्वतःचा भाव लावतं. रस्त्यावरच्या माणसाकडून तर छदामही बदलू नका. आणि हातात आलेल्या प्रत्येक नोटेवर 'कोरुन' (korun) हा शब्द शोधा, मागे कितीही रांग असली तरी.

त्या दिवशी चार्ल्स पूल पायीच गाठला. तिघांपैकी कोणीच मला काही बोललं नाही, ते जास्त लागलं. वर्गणी परत करतो म्हटलं तर कोइमतूरवाल्याने हात जोडले.

ऑगस्टमध्ये ब्राझीलची पोरगी बुडापेस्टला निघाली, तेव्हा त्या चारही नोटा तिला देऊन टाकल्या. निदान काहीतरी खा म्हटलं. संध्याकाळी तिचा मेसेज आला: दुकानदाराने नोटा घेतल्या नाहीत. जुन्या छापाच्या होत्या, २०१८ मध्येच चलनातून गेलेल्या.