ग्रिल घेतोय म्हणालो तर आई म्हणते, सगळ्या खिडक्यांना आहेत की

तर झालं असं की ऑफिसातल्या तिघा-चौघांनी आत्तापर्यंत विचारलंय, बार्बेक्यू करायला पहिल्यांदा काय घेऊ, आणि दर वेळी मी तीच टेप लावतो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. रिव्ह्यू खरं तर एकाच वस्तूचा आहे, १४ इंची गोल झाकणवाली कोळशाची केटल ग्रिल, पण तिच्या आधी जी घेतली होती तिची रडकथा सांगितल्याशिवाय ही का आवडली ते कळणार नाही.

पहिली म्हणजे ती घडी घालून ब्रीफकेससारखी हातात धरायची असते ना, ती. १४०० रुपये, ऑनलाइन, सोबत सळया, चिमटा, ब्रश, एप्रन सगळं फुकट. एप्रन अजून आहे, ग्रिल भंगारात गेली. ३१ डिसेंबरला सोसायटीच्या टेरेसवर आठ जण जमवले, चिकन लेग दही-मसाला लावून सकाळपासून फ्रीजमध्ये, आणि कोळसा नीट पेटला तसा खालचा पत्रा ढब्ब करून खाली फुगला, एक पाय वाकला, सगळी ग्रिल लग्नातल्या रुसलेल्या मामासारखी एका बाजूला कलली. चिकन बाहेरून काळं ठिक्कर, आत हाडाजवळ गुलाबी. शेवटी रात्री साडेअकराला सगळं खाली किचनमध्ये आणून कढईत शिजवलं, पाहुण्यांनी बिचाऱ्यांनी छान झालंय म्हणून खाल्लं. पनीरची तर वेगळीच मजा, सळई गोल होती, मी सळई फिरवतोय, ती फिरतेय, पनीर जागच्या जागी, एकच बाजू जळतेय. सळया चपट्याच घ्या, हे कोणी सांगत नाही आधी.

नंतर डोकं शांत झाल्यावर कळलं की चूक नुसती पातळ पत्र्याची नव्हती. झाकणच नव्हतं! उघड्या शेगडीवर कणीस भाजता येतं, पापड भाजता येतो, पातळ बोटी कबाबसुद्धा होतात, पण हाडासकट चिकनला उष्णता सगळीकडून मिळावी लागते, आणि टेरेसवरचं वारं ती उडवून नेतं. माझा मामा अलिबागकडचा, तो म्हणाला अरे पोपटी आपण उघड्यावर लावतो का? मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, चिकन भरायचं, भांबुर्डीचा पाला कोंबून तोंड बंद करायचं, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ, पाण्याचा थेंब न घालता आतल्या आत सगळं शिजतं. मी इतकी वर्षं पोपटी खातोय आणि हे डोक्यात आलं नाही.

मग ही केटल घेतली. नाव लिहीत नाही कारण याच साच्याची ग्रिल चार-पाच कंपन्यांची मिळते आणि मुद्दा साच्याचा आहे. हा साचा मूळ अमेरिकेतला, शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन म्हणून एक जण कामाला होता, तिथे पाण्यात तरंगणारे बोये (बोटींना खूण म्हणून सोडतात ते पोकळ धातूचे गोळे) बनायचे, त्याने १९५२ साली तसा एक गोळा मधून कापून खाली पाय आणि वर हँडल लावलं, कारण त्यालाही वाऱ्याचाच त्रास होत होता. म्हणजे माझ्या ३१ डिसेंबरचं उत्तर ७० वर्षांपूर्वीच निघालं होतं.

आता वापरायचं कसं. खाली हवेची भोकं, झाकणावर भोकं, दोन्हीकडे सरकती चकती. गॅसची बटणं समजा ती. उघडली की निखारे लाल, अर्धी बंद केली की मंद, दोन्ही पूर्ण बंद केली की कोळसा विझतो आणि उरलेला पुढच्या वेळी वापरता येतो (हे मला फार आवडतं, आमच्याकडे काही वाया गेलं की आई आठवडाभर बोलते). सगळे निखारे एका बाजूला ढकलायचे. चिकन आधी निखाऱ्यांवर दोन्हीकडून रंग येईपर्यंत ठेवायचं आणि मग उरलेल्या रिकाम्या बाजूला सरकवून झाकण लावायचं. अर्धा-पाऊण तास. झाकण सारखं उघडून बघू नका, मी पहिल्या दिवशी दर दोन मिनिटांनी उघडत होतो, बायको म्हणाली इडलीचं भांडं असं उघडलं असतंस तर मी हात मोडला असता. सहाशे-सातशे रुपयांचा टोचायचा थर्मामीटर मिळतो, तो जरूर घ्या, हाडाला न टेकवता सगळ्यात जाड भागात खुपसायचा, ७४ डिग्री सेल्सियस आला की झालं, रंग बघून अंदाज बांधायची भानगडच नको. मॅरिनेशनचं तेल गळून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून चिकनवर बसते, नुसतं झाकण लावा, हवा तुटली की भडका बसतो.

वांगं तर काय सांगू. भरताचं मोठं वांगं थेट निखाऱ्यांवर, जाळीवर पण नाही, झाकण लावून वीस मिनिटं. साल हाताने निघते आणि गॅसवर भाजलेल्याला तो वास येत नाही म्हणजे नाहीच.

तक्रारी पण आहेत. १४ इंची ग्रिलचे पाय इतके बुटके आहेत की एक तर खाली पाट घेऊन बसा नाहीतर टेबलावर ठेवा, आणि प्लास्टिकच्या टेबलावर चुकूनही नको. मध्येच कोळसा घालायचा तर सगळं जेवण उतरवून गरम जाळी उचलावी लागते. चार-पाच जणांपुरतं होतं, आठ-दहा जण असतील तर लोक उपाशी गप्पा मारत बसतात. बजेट आणि जागा असेल तर २२ इंची घ्या सरळ, ती उभ्याने वापरायची असते. आमच्याकडे ती ठेवायची कुठे हा प्रश्न होता, लिफ्टमध्ये तिला बघून सेक्रेटरींनी काय चेहरा केला असता तो वेगळा.

गॅसची का नाही घेतली? १४.२ किलोचा सिलिंडर चार मजले कोण चढवणार, लिफ्टमधून न्यायला बंदी आहे आमच्याकडे. बंगला असेल तर जरूर विचार करा. इलेक्ट्रिक बाल्कनीत ठीक आहे, पण २००० वॅटची ग्रिल जवळजवळ ९ अँपिअर खेचते, ती साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर आणि मोबाइल चार्जरच्या एक्स्टेन्शनवर लावायची नसते, १६ अँपिअरचा जाड पॉइंट लागतो. आणि चव सँडविच मेकरच्याच खानदानातली. माझं मत.

घेताना दुकानात बघायचं काय तर पत्रा अंगठ्याने दाबून बघा, खळगा पडला तर तिथेच ठेवून या. झाकण नीट बसतं का, खालची हवेची चकती हाताने फिरते का, आणि जाळी कसली आहे. चकचकीत मुलाम्याची असेल तर काही महिन्यांत पोपडे निघतात, माझ्या पहिलीचे निघाले. गॅल्व्हनाइज्ड जाळी अजिबात नको, तापली की वरचं जस्त सुटतं. स्टीलची ३०४ ग्रेडची चांगली, त्याला लोहचुंबक सहसा चिकटत नाही, खिशात एक घेऊन जा. दुकानदार हसेल, हसू द्या.

कोळसा लाकडीच. दगडी कोळशाचा धूर जेवणाला नको. मी आमच्या इस्त्रीवाल्या काकांना विचारलं, त्यांनी वखारीचा पत्ता दिला, ऑनलाइन चकचकीत पिशवीतल्यापेक्षा निम्म्याहून स्वस्त पडतो, फक्त मोठे तुकडे निवडून घ्यावे लागतात, खाली उरतो तो सगळा चुरा. नारळाच्या करवंटीच्या विटा मिळतात त्या पेटायला उशीर लावतात पण एकसारख्या जळतात. पेटवायला रॉकेल, पेट्रोल, थिनर काही नको, भडका तर आहेच, वर वास चिकनला. मी दुधाच्या पावडरचा पत्र्याचा डबा वरून कापून तळाला खिळ्याने भोकं पाडलीत, त्यात कोळसा भरायचा, खाली वर्तमानपत्राचे बोळे आणि कापराच्या चार वड्या, पंधरा-वीस मिनिटांत वरचा कोळसा पांढरट दिसायला लागतो, मग जाड हातमोजे घालून चिमट्याने धरून ओतायचा. आणि नवीन ग्रिल पहिल्या दिवशी रिकामीच पाऊण तास तापवा, कारखान्यातलं तेल जळून जातं.

एक गोष्ट मात्र सिरियसली. पाऊस आला म्हणून पेटलेली ग्रिल घरात किंवा जिन्यात घेऊ नका, थंडी वाजतेय म्हणून तंबूत तर नाहीच. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो, दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात. राखेतही दुसऱ्या दिवसापर्यंत निखारा असतो, पत्र्याच्या डब्यात काढा, कचऱ्याच्या पिशवीत नाही. आणि ग्रिलखाली दोन लाद्या टाका, आमच्या टेरेसच्या वॉटरप्रूफिंगला पहिल्याच वेळी काळा डाग पडला, तो मी कुंडीखाली लपवलाय.

बाकी शेजारचं प्रकरण मिटलंय. वरच्या मजल्यावरच्या काकू शुद्ध शाकाहारी, पहिल्या दोन वेळा धुराबद्दल व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज आले, नाव न घेता पण कळेल असे. मग मी एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ३०४ चीच दुसरी जाळी वाकवून घेतली, ६५० रुपये पडले, तिच्यावर फक्त कणसं, वांगी, पनीर, आणि ती जाळी काकूंच्याच घरी ठेवलीय. आता शनिवारी दुपारी त्यांचाच फोन येतो, संध्याकाळी पेटवणार आहेस का रे, रताळी आणून ठेवलीत.