ॲल्युमिनियम, स्टील, काच की सिलिकॉन? बेकिंगची भांडी निवडताना

केक कडेला करपला आणि मधे कच्चा राहिला, की आपण ओव्हनला नाहीतर रेसिपीला बोल लावतो. भांड्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर उष्णता मिश्रणापर्यंत पोचते ती भांड्यातूनच. ते कशाचं आहे, पत्रा किती जाड आहे आणि रंग कोणता आहे, यावर कडा आधी किती शिजणार हे ठरतं.

निकाल आधीच सांगून टाकतो: एकच भांडं घ्यायचं असेल, तर जाड पत्र्याचं, फिकट रंगाचं, कोटिंग नसलेलं ॲल्युमिनियम घ्या. बाकीची भांडी वाईट नाहीत, पण त्यांची कामं ठरलेली आहेत.

ॲल्युमिनियम विरुद्ध स्टील

उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलपेक्षा दहा पटींहूनही सरस आहे. त्यामुळे तळ सगळीकडे सारखा तापतो आणि केक मधे डोंगरासारखा न फुगता बराचसा सपाट येतो. स्टेनलेस स्टील दिसतं छान, टिकतंही वर्षानुवर्षं, पण केकसाठी मी ते घेणार नाही. हळू आणि असमान तापतं, आणि चकचकीत पृष्ठभाग ओव्हनची उष्णता परतवतो ते वेगळंच.

या दोघांच्या मधे कार्बन स्टील. बाजारातली बरीचशी काळी नॉनस्टिक भांडी याच पत्र्याची असतात. कोटिंगवर चरा पडला की तिथून गंज धरतो. खात्री करायची असेल तर लोहचुंबक लावून बघा: ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. राखाडी, ॲल्युमिनियमसारख्या दिसणाऱ्या ट्रेला चिकटला, तर आत स्टील आणि वर ॲल्युमिनियमचा थर असू शकतो. तसं असेल तर नाक मुरडू नका. असा ट्रे तापल्यावर सहज वाकत नाही, बिस्किटांना तर उत्तमच.

साध्या ॲल्युमिनियमची दोन दुखणी आहेत. लिंबू, टोमॅटो, आंबट फळं यांच्याशी त्याची प्रक्रिया होते आणि पदार्थाला धातूची चव येते. शिवाय डिशवॉशरमध्ये ते काळवंडतं. आंबट पदार्थ नेहमी होत असतील तर ॲनोडाइज्ड घ्या. त्यात पृष्ठभागावरच कठीण ऑक्साइडचा थर तयार केलेला असतो, त्यामुळे आंबटाचा त्रास नाही. डिशवॉशरपासून मात्र तेही लांबच ठेवा.

रंगाचं प्रकरण

याकडे फार थोडे लोक बघतात. गडद भांडं ओव्हनची उष्णता जास्त शोषतं. तेच मिश्रण, तेच तापमान, पण काळ्या ट्रेमधल्या बिस्किटांचे तळ आधी करपतात. भांडं काळंच असेल तर तापमान दहा ते पंधरा अंशांनी कमी ठेवा आणि थोडं लवकर डोकावून बघा. ब्रेडला मात्र हाच दोष गुण ठरतो: कवच छान तांबूस आणि कुरकुरीत होतं. म्हणून लोफ टिन गडद घेतला तरी चालेल, केकचा टिन फिकटच.

नॉनस्टिकचा मोह

भरपूर खाचाखोचांच्या साच्याला नॉनस्टिक हवंच, नाहीतर केक तुकड्यांत निघतो. साध्या गोल टिनला तुपाचा हात आणि तळाला बटर पेपर पुरतो. नेहमीचं नॉनस्टिक कोटिंग साधारण 260 अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतं, घरगुती केक त्याच्या बऱ्याच खाली भाजले जातात. त्याचा खरा शत्रू टिनमध्येच केक कापणारी सुरी. आणि अंड्याच्या पांढऱ्यावर फुगणारा हलका केक करणार असाल तर नॉनस्टिक नकोच. त्या मिश्रणाला वर चढायला भिंतीची पकड लागते.

काच आणि सिलिकॉन

काच उशिरा तापते आणि उशिराच निवते, म्हणजे बाहेर काढल्यावरही कडा शिजतच राहतात. केकला हे मारक. पण चमच्याने वाढायच्या भाजलेल्या पदार्थांना, किंवा पाय (pie) या पदार्थाचा तळ भाजला का हे बघायला काचेइतकं सोयीचं दुसरं काही नाही. मायक्रोवेव्हमध्येही चालते. घेताना बोरोसिलिकेट आहे का ते बघा: तापल्यावर ती साध्या काचेच्या साधारण तिसरा हिस्साच प्रसरण पावते, त्यामुळे तडकण्याचा धोका कमी. तरी गरम भांडं ओल्या ओट्यावर ठेवू नका.

सिलिकॉनमधून छोटे केक अलगद सुटतात, एवढंच त्याचं कौतुक. रंग फिका येतो, कवच धरत नाही, आणि खाली ट्रे नसेल तर उचलताना मिश्रण सांडतं.

जाडी आणि माप

गेजचा आकडा जितका लहान, तितका पत्रा जाड. आकडा दिलेला नसेल तर रिकाम्या ट्रेचा मध्य अंगठ्याने दाबा. टक् आवाज करून आत गेला तर ओव्हनमध्येही वाकणार. काठ बाहेर गुंडाळलेला असावा. आतला कोपराही बघा: घडी किंवा सांधा असेल तर तिथे पीठ अडकून बसतं. टिनच्या भिंती सरळ हव्यात, तिरक्या भिंतींचे थर एकावर एक नीट बसत नाहीत.

मापात बरेच जण फसतात. 8 इंची गोल टिनच्या जागी 9 इंची घेतला, तर तळ पावपटीहून जास्त वाढतो आणि केक चपटा होऊन लवकर वाळतो. 8 इंची चौकोनी टिन मात्र 9 इंची गोलाच्या जवळपास बरोबरीचा. माप नेहमी आतल्या बाजूचं धरा.

ओव्हनसाठी उलट: तिथे बाहेरचं माप, कानांसकट. ट्रेच्या चारही बाजूंनी दोन बोटं जागा मोकळी राहिली नाही तर गरम हवा फिरत नाही. तेवढा कागद कापून जाळीवर ठेवा आणि दार लावून बघा, मग ऑर्डर करा.