ऑक्टेव्हिया आरएस 265 : गियर कापणाऱ्याच्या कानाने

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत माझं गियर कापायचं छोटं वर्कशॉप आहे. दोन हॉबिंग मशीन, एक शेपर आणि आम्ही चार माणसं. त्यामुळे नवी वेगवान गाडी आली की लोक शून्य ते शंभर किती सेकंदात विचारतात आणि मी गियरबॉक्स कोणता ते विचारतो. त्यातही क्लच सुका की ओला, म्हणजे तेलात बुडालेला, हे आधी.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीच्या वाहन मेळ्यात स्कोडाने नवी ऑक्टेव्हिया आरएस, म्हणजे ऑक्टेव्हियाची जास्त ताकदीची, वेगवान आवृत्ती, मांडली, तेव्हापासून कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोहे खाताना आमच्यात हाच विषय. इंजिन 245 पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्ती) येणार की 265 चं? मॅन्युअल मिळेल का? माझा शेपरवाला छातीठोक सांगायचा, "मॅन्युअलच येईन भाऊ, पाहून घ्या. आरएस म्हणजे मॅन्युअल."

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. 2004 साली भारतात आलेली पहिली आरएस 1.8 टर्बो, 150 पीएसची होती आणि तिला पाच गियरचा मॅन्युअल होता. टर्बो पेट्रोल म्हणजे काय ते आपल्याकडच्या अनेकांना त्याच गाडीने दाखवलं. मग लॉरा (दुसऱ्या पिढीच्या ऑक्टेव्हियाचं इथलं नाव) आरएसला सहा गियरचा मॅन्युअल आला. पण 2017 ची 230 आली ती फक्त सहा गियरच्या डीएसजीसह (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स), आणि 2020 ची 245 सात गियरच्या. परदेशात या चौथ्या पिढीच्या आरएसला सुरुवातीला मॅन्युअल मिळत होता, पण नव्या चेहऱ्याबरोबर तोही गेला. म्हणून मी म्हणत होतो, 265 पीएस आणि सात गियरचा ओल्या क्लचचा डीएसजी, दुसरं काही नाही. 17 ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, तेच आलं. गाड्या फक्त शंभर, पूर्ण तयार होऊन आयात झालेल्या, एक्स-शोरूम 49.99 लाख. किंमत कळायच्या आधीच सगळ्या बुक झाल्या होत्या.

त्या शंभरातली एक माझ्या अमरावतीच्या मामेभावाकडे आली. संक्रांतीला दादा ती घेऊन नागपूरला आला आणि किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू चालव. मले फक्त सांग, पैसे गिअरात गेले का रंगात." गाडीचा रंग मांबा ग्रीन आहे, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

ओल्या-सुक्याचा एवढा घोर मला का, तेही सांगतो. माझ्या आधीच्या ऑटोमॅटिक गाडीला सुक्या क्लचची जोडी होती. मे महिन्यातल्या दुपारी, बाहेर 45 अंश, व्हरायटी चौकात सिग्नलला इंच-इंच सरकताना क्लच तापला, काट्यांमध्ये इशारा पेटला आणि गाडी हिसके द्यायला लागली. मागे बसलेली आई उतरून उन्हात उभी राहिली. तो दिवस मी विसरलेलो नाही. ब्रेकवरून पाय थोडा उचलून सरकत राहिलं की क्लच अर्धवट पकडतो आणि घासतो. सुक्या क्लचची ती उष्णता जायला फक्त हवा असते, आणि नागपूरची मेमधली हवा काय थंड करणार? ओल्या क्लचच्या प्लेटा तेलात असतात, ते तेल फिरतं आणि उष्णता घेऊन जातं. आरएसमध्ये तोच प्रकार आहे. सीताबर्डी ते झाशी राणी चौक मी मुद्दाम गर्दीच्या वेळी, संध्याकाळी साडेसहाला गाडी सरकवली. बारा-पंधरा वेळा थांबा-निघा झालं. एकदाही हिसका नाही, वासही नाही. जानेवारीची थंडी होती हे मान्य, म्हणून मेमध्ये दादाकडून गाडी पुन्हा मागणार आहे.

आता इंजिन. 1984 सीसी, चार सिलिंडर, टर्बो, 265 पीएस ताकद आणि 370 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पीळ. गाडी आली तेव्हा बरेच जण नाराज होते, कारण जुन्या 245 लाही टॉर्क 370 च होता. "मग बदललं काय?" असा सूर. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसलं पाहिजे. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. नवं इंजिन मिनिटाला 5250 फेऱ्यांना 265 पीएस देतं, म्हणजे तिथे टॉर्क साधारण 355 न्यूटन मीटर असलाच पाहिजे. 245 पीएसचं इंजिन त्याच फेऱ्यांना 328 च्या वर जाऊच शकत नाही. टॉर्कचा डोंगर तेवढाच उंच आहे, पण पठार पुढे लांबवलंय. गाडी चालवताना नेमकं हेच कळतं. साडेचार हजारांनंतर ती दमल्यासारखी वाटत नाही, गियर वर टाकायची घाई होत नाही.

यापेक्षा जास्त टॉर्क का दिला नाही, यावर माझा अंदाज असा. गियरबॉक्सची अडचण नसावी, कारण याच जातीच्या बॉक्सवर गोल्फ जीटीआय क्लबस्पोर्ट 300 पीएस आणि 400 न्यूटन मीटर चालवते. अडचण पुढच्या दोन चाकांची असावी. सगळी ताकद पुढे जाते. डिफरन्शियलला (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गियरांना) इलेक्ट्रॉनिक लॉक आहे, वळणातून बाहेर येताना तो गाडीला आत खेचतो हे स्पष्ट जाणवतं, तरी पहिल्या-दुसऱ्या गियरात पाय पूर्ण दाबला की स्टिअरिंग हातात थोडं वळवळतं. आणखी तीस न्यूटन मीटर दिले असते तर ते टायरने धुरात घालवले असते.

सकाळी सहाला शिवमडक्याहून समृद्धीवर चढलो. 120 च्या मर्यादेत, वर्ध्याच्या फाट्यापर्यंत. सातव्या गियरात काटा अडीच हजारांच्या खाली, आत फक्त काँक्रीटवर घासणाऱ्या टायरचा आवाज. ट्रकमागे 80 वर अडकल्यावर मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा करून पाहिली. डीएसजीत एका दांड्यावर 1, 3, 5, 7 हे विषम गियर आणि दुसऱ्यावर 2, 4, 6 हे सम गियर. प्रत्येक दांड्याला स्वतःचा क्लच. सातव्यातून चौथा मागितला की दुसऱ्या दांड्यावर चौथा लागतो, एक क्लच सुटतो, दुसरा पकडतो आणि काम झालं. पण सहाव्यातून चौथा मागितला तर दोन्ही एकाच दांड्यावर, म्हणून बॉक्सला मधे विचार करावा लागतो. तो क्षण अगदी बारीक आहे, पण कान लावला तर सापडतो. पॅडलने (स्टिअरिंगमागच्या पट्टीने) खाली जाताना मी म्हणूनच सहा-पाच-चार असं एकेक टिचकी मारत जायला लागलो. या बॉक्सशी तसंच वागावं.

गियरांचा आवाज? शून्य. दिवसभर हेलिकल (तिरप्या दातांचे) गियर कापून, कडक करून, परत ग्राइंड करून बॅकलॅश (दातांमधली फट) मोजणाऱ्या माणसाला ही शांतता किती महाग असते ते ठाऊक असतं. पाय एकदम सोडून पुन्हा दाबला, दहा वेळा, तरी दात दातावर आपटल्याची टकटक नाही.

बाकी थोडक्यात. सस्पेन्शन नेहमीच्या ऑक्टेव्हियापेक्षा 15 मिमी खाली आणि टायर 225/40, 19 इंची. आमच्या एमआयडीसीतल्या स्पीडब्रेकरवर तिरपी घ्यावी लागते आणि खड्डा थेट कमरेत येतो. डिकी 600 लिटरची, दादाने अमरावतीहून येताना संत्र्यांचे तीन क्रेट आणले होते.

मॅन्युअल असता तर मी या गाडीवर जास्त प्रेम केलं असतं. तिसऱ्यातून चौथा स्वतःच्या हाताने टाकायचा आनंद पॅडलला येत नाही, आणि असं इंजिन त्या हाताशी फार छान जुळलं असतं. पण मे महिन्यात आईला मागे बसवून व्हरायटी चौकातून न्यायचं असेल तर मी हाच बॉक्स मागेन. दादाला सांगितलं, पैसे गियरात गेलेत.

संध्याकाळी तो वाडीच्या बाजूने अमरावतीला निघाला. शेपरवाला आणि मी गेटात उभं राहून कान देत होतो, दुसऱ्याचा तिसरा कधी पडतो ते पकडायला. वळणापर्यंत आवाज चढत गेला, तुटला नाही. शेपरवाला म्हणाला, "पडला का?" मलाही सांगता आलं नाही.