कुलाबा किल्ल्याची घोडागाडी : आधी खूर बघा, मग चढा

अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यात नेणाऱ्या घोडागाड्यांबद्दल लोक दोनच गोष्टी लिहितात, ‘मस्त अनुभव’ नाहीतर ‘पैसे जास्त’. घोड्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मी पशुसंवर्धन खात्यात ३२ वर्षं पट्टीबंधक होतो. गुरांच्या दवाखान्यात सुई डॉक्टर टोचतात; जनावर धरायचं, पाय उचलायचा, जखम धुवायची ती पट्टीबंधकाने. त्यामुळे माझा रिव्ह्यू गाडीत चढायच्या आधीच सुरू होतो.

मे महिन्याच्या सुट्टीत नात ठाण्याहून आली होती. पंचमी धरून निघालो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, म्हणजे ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. मोबाईलवर बघणाऱ्यांनी मोबाईलवर बघावं, पण बघितल्याशिवाय जाऊ नये. पाणी पुरतं ओसरलं की लोक चालतच जातात. गाडीची मजा त्याच्या थोडं आधी, चाकं पाण्यात असताना. पावसाळ्यात तर हा विचारच नको.

पाच-सहा गाड्या उभ्या होत्या. पहिल्याने हाक मारली. त्याचा घोडा पुढचा डावा पाय पुढे काढून नुसतं टोक टेकवून उभा होता. घोडा मागचा पाय असा सैल सोडतो तेव्हा तो आराम करत असतो. पुढचा पाय असा ठेवला तर समजायचं की दुखतंय. मालकाला सांगितलं तर म्हणाला, “सवयच आहे त्याची.” कोण ते लिहीत नाही. पुढे गेलो.

तिसऱ्या गाडीला चिंगी नावाची कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी होती आणि हाकायला विशीतला पोरगा. “पाय उचलून दाखव,” म्हटलं तर हसला. “काका, विकत घेताय काय?” पण दाखवला. नाल घट्ट, खिळ्यांची टोकं नीट वळवलेली, खुराच्या मधला मऊ भाग कोरडा, वास नाही. चारही पाय उत्तम. इथे पोराला पैकीच्या पैकी.

मग छातीपट्टा उचलला. खाली मिठाची पांढरी रेघ वाळली होती आणि पाच रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेवरचे केस गेले होते. कातडी अजून फुटली नव्हती, पण चार दिवसांत फुटली असती. “दर्याचं पाणी लागतंय ना रोज,” पोरगा म्हणाला, “जखमेला औषधच ते.”

हे वाक्य मी नोकरीत हजारदा ऐकलं आहे. खाऱ्या पाण्याचं औषध होतं, नाही असं नाही. पण कुठे, कसं, किती वेळ, हे कोणी विचारत नाही. खांद्यावरचा पंचा काढला, चौपदरी केला, पट्ट्याखाली सरकवला, मगच नातीला वर बसवली. जाताना पोराला रेड रम नावाच्या शर्यतीच्या घोड्याची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट मला आमच्या डॉक्टरसाहेबांनी सांगितली होती. नंतर मी त्याच्या १९७३ च्या शर्यतीचा व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की घरचे वैतागले. रेड रम १९६५ साली आयर्लंडमध्ये जन्मला. आईचं नाव मॅरेड, बापाचं क्वोरम, दोघांची शेपटं जोडून हे नाव. खरं तर त्याला सपाट मैदानावरच्या छोट्या शर्यतींसाठी पैदा केलेला. लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) नावाच्या मैदानावर १९६७ साली पहिल्यांदा पळाला तो अशाच एका किरकोळ शर्यतीत, तेही पहिला नंबर दुसऱ्या घोड्याबरोबर वाटून. मग अडथळ्यांच्या शर्यती, एका मालकाकडून दुसऱ्याकडे, आणि मधेच खुराचं दुखणं. खुराच्या आत जे हाड असतं त्यालाच सूज. अशा घोड्याला आपल्याकडे कोणी गाडीलाही जुंपणार नाही.

१९७२ साली जिंजर मॅकेन नावाच्या माणसाने त्याला सहा हजार गिनीला (गिनी म्हणजे इंग्रजांचं जुनं नाणं, पौंडापेक्षा थोडं जास्त) घेतला. हा मॅकेन कोण? साउथपोर्ट नावाच्या समुद्रकाठच्या गावात टॅक्सी चालवलेला, जुन्या मोटारी विकणारा. तबेला मोटारींच्या शोरूमच्या मागे. पैसे घातले ल मेर नावाच्या ऐंशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाने, जे त्याच्या टॅक्सीत बसायचे. “म्हणजे आमच्यासारखाच की,” पोरगा म्हणाला. जवळजवळ.

मॅकेनला घोड्याचं दुखणं माहीत नव्हतं. पहिल्याच दिवसांत वाळूवर नेला तर घोडा लंगडतोय. म्हणाला, घाला समुद्रात. घातला, आणि बाहेर आला तो सरळ पावलं टाकत. त्यानंतर रोजची मेहनत साउथपोर्टच्या वाळूवर आणि पाण्यात. बाकी घोडे गवताच्या मैदानांवर तयार होत होते आणि हा किनाऱ्यावर, मोटारींच्या दुकानामागून गावातल्या रस्त्यांवरून चालत येऊन.

आता ग्रँड नॅशनल, म्हणजे एंट्रीवरची अडथळ्यांची मोठी शर्यत. तेव्हा जवळजवळ साडेचार मैल आणि ३० उड्या. वजनाचा हिशोब असा की चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन. १९७३ साली क्रिस्प नावाच्या ऑस्ट्रेलियन घोड्यावर १२ स्टोन, म्हणजे ७६ किलो. रेड रमवर त्याच्यापेक्षा दहा किलो कमी. क्रिस्प पहिल्यापासून सुटला तो कोणाला दिसेनाच. शेवटची उडी मारली तेव्हाही तो पंधराएक घोड्यांच्या लांबीने पुढे होता. आणि तिथून त्याचे पाय जड झाले. व्हिडिओत बघा, तो सरळ पळतच नाही, भेलकांडतो. मागून जॉकी ब्रायन फ्लेचरने रेड रमला आणला आणि अगदी रेषेजवळ पाऊण लांबीने जिंकला. ९ मिनिटं १.९ सेकंद. हा विक्रम १९९० पर्यंत टिकला. मला मात्र दरवेळी क्रिस्पचंच वाईट वाटतं. दहा किलो म्हणजे तांदळाची पिशवी. साडेचार मैल पाठीवर घेऊन पळून बघावी कोणीतरी.

लोक म्हणाले, वजन कमी होतं म्हणून जिंकला. पुढच्या वर्षी त्याच्याच पाठीवर १२ स्टोन ठेवले. परत जिंकला, आणि त्याच मोसमात स्कॉटिश ग्रँड नॅशनलही मारली. दोन्ही एका मोसमात जिंकणारा तो एकटाच. ७५ आणि ७६ ला दुसरा आला. १९७७ साली टॉमी स्टॅक वर, घोडा बारा वर्षांचा, सगळे म्हणतायत म्हातारा झाला, आणि हा २५ लांबींनी पुढे. तीन वेळा ग्रँड नॅशनल जिंकणारा दुसरा घोडा नाही. अडथळ्यांच्या शंभर शर्यती धावला, पडला एकदाही नाही.

नातीला शर्यतीत रस नव्हता. तिला आवडलं ते बीबीसीच्या बक्षीस समारंभातलं. घोड्याला चक्क स्टुडिओत आणला होता. टॉमी स्टॅक दुसरीकडून बोलत होता, आणि त्याचा आवाज ऐकून घोड्याने कान टवकारले. लगेच ती चिंगीला हाका मारून बघायला लागली. चिंगीने कान हलवले, पण ते माशीसाठी असावेत.

“मग बघा काका,” पोरगा म्हणाला, “पाण्यानेच बरा झाला ना?”

अरे, पाण्यात खूर होते त्याचे. थंड पाणी आणि खाली ओली, दबणारी वाळू, दुखऱ्या खुराला डांबरी रस्त्यापेक्षा शंभरपट बरी. चिंगीचे पाय इतके छान आहेत ते त्यामुळेच. पण छातीवर पाणी वाळतं, मीठ मागे उरतं, वर पट्टा घासतो. तो पॉलिश पेपरच झाला. पायाचं औषध छातीला विष. संध्याकाळी गोड्या पाण्याच्या दोन बादल्या आणि पट्ट्याला मऊ अस्तर, एवढंच करायचं. रेड रम १९९५ पर्यंत जगला, तीस वर्षं. एंट्रीवर शर्यतीच्या शेवटच्या खांबापाशी त्याला पुरलाय. त्याच मैदानावर कित्येक घोडे मेलेतही, ते मी नातीसमोर बोललो नाही.

किल्ल्याचं थोडक्यात. तिकीट काढा, सिद्धिविनायकाचं दर्शन घ्या, समुद्रात असून विहिरीला गोडं पाणी आहे ते बघा. चाकांच्या गाड्यावर दोन तोफा आहेत, इंग्लंडात यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात ओतलेल्या. सगळे त्यांच्यावर बसून फोटो काढतात. दुपारी तापलेल्या असतात, तेव्हा बसताना बेताने.

तक्रारी दोन. येताना पोराने पाऊण तास सांगून सव्वा तासाने गाडी आणली. पाणी चढायला लागलं होतं, आणि नात बरोबर असताना मला ते अजिबात आवडलं नाही. दुसरं म्हणजे गाडीत लहान मुलांना धरायला काही नाही. खडकावर चाक चढलं की माणूस उडतो. एक दोरी आडवी बांधली तरी काम होईल. भाडं माणशी दीडशे रुपये, जाऊन येऊन, आधी ठरवलेलं. घासाघीस केली नाही. घोडी पाण्यातून ओढते ते बघितल्यावर जीभ रेटत नाही. एका गाडीत सहा-सात माणसं कोंबत असतील तर मात्र बसू नका, कितीही स्वस्त म्हणाले तरी.

चार तारे. उशिरासाठी एक कापला आहे.

पंचा तिथेच राहिला होता. रविवारी सकाळी फिरायला गेलो तेव्हा चिंगी उभी होती. पंच्याची घडी छातीपट्ट्याच्या आतून जाड दोऱ्याने शिवलेली होती, टाके वेडेवाकडे, आणि हात लावून बघितलं तर कापडाला मीठ नव्हतं.