जंगलपट्टीतील वाडीसाठी १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर : वापरानंतरचा अभिप्राय

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्याच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात पावसाळ्यात वीजवाहिनीवर झाड कोसळले की दुरुस्तीला वेळ लागतो, आणि विहिरीवरचा पंप थ्री-फेजवर चालत असल्याने दिव्यांपाठोपाठ नळही बंद पडतात. म्हणून आमच्या वाडीने वर्गणी काढून कॅनोपीसह (आवाज कमी करणाऱ्या बंद आवरणासह) १५ केव्हीएचा डिझेल जनरेटर घेतला.

यंत्र दमदार आहे. १५ केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरला (एकूण क्षमतेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या विजेच्या प्रमाणाला) १२ किलोवॅट. साडेसात अश्वशक्तीचा पंप आणि घरांचे दिवे मिळून सुमारे नऊ किलोवॅट भार होतो व लिटरमागे तीन युनिटांच्या आसपास वीज मिळते. पंप थेट सुरू केल्यास तो क्षणभर सहापट करंट ओढतो आणि इंजिन दबते. मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या स्टार-डेल्टा स्टार्टरने हा ओढा एक तृतीयांशावर येतो. तरीही आधी पंप आणि इंजिनाचा आवाज एकसारखा झाल्यावरच दिवे, हा क्रम आम्ही मोडत नाही.

रात्रभर नुसत्या दिव्यांसाठी जनरेटर चालवावा, असा आग्रह वाडीत वारंवार होतो, आणि साप-विंचवांच्या मुलखात उजेडाची निकड खरीच आहे. परंतु क्षमतेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी भारावर इंजिन पुरेसे तापत नाही, अर्धवट जळालेले इंधन सायलेन्सरमध्ये साचते आणि त्याच्या तोंडाशी काळा, चिकट ओघळ दिसू लागतो. त्यापेक्षा संध्याकाळी पंप चालू असतानाच इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या भरून घ्याव्यात आणि रात्र त्यांवर काढावी, असे माझे ठाम मत आहे.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल मात्र मी असमाधानी आहे. ऐन पावसात इंधननळीत हवा अडकून इंजिन बंद पडले, तेव्हा विक्रेत्याचा मेकॅनिक रस्त्याचे कारण सांगून आलाच नाही. शेवटी ट्रॅक्टर चालवणाऱ्या एका तरुणाने नट सैल करून, फेस संपून निव्वळ डिझेल येईपर्यंत हातपंप मारला. इथल्या दमट हवेत अर्धवट रिकाम्या टाकीत पाणी धरते, त्यामुळे टाकी भरलेली ठेवावी, फिल्टरखालच्या वाटीतील पाणी नियमित काढावे आणि फिल्टर व पट्टा मृगाआधीच आणून ठेवावेत.

एका वेळी वीजवाहिनी किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचवर पैसे वाचवू नयेत. तो नसेल तर जनरेटरची वीज उलटी वाहिनीत शिरून खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतू शकते.