‘संस्थापक सदस्य’ होण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका डेव्हलपरने मला एक जाहिरात पाठवली. नवी कोवर्किंग जागा, म्हणजे वेगवेगळ्या कामांची माणसं टेबल भाड्याने घेऊन एकत्र बसतात तसं ऑफिस, ‘टेकवाल्यांचं हक्काचं ठिकाण’, पहिल्या ५० संस्थापक सदस्यांना १२ महिन्यांच्या पैशांत १४ महिने. सोबत त्याचा प्रश्न: ‘तुला यातलं कळतं ना? घेऊ का?’ मी फोटो मोठा करून पाहिला. लांब टेबल, दहा-बारा लॅपटॉप, मागे पांढरा फळा. डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर पाठमोरी बसलेली बाई मी आहे. ती जागा बंद होऊन दीड वर्ष झालं. जाहिरातीतलं नाव नवं आहे, पण फोटो आमचा आणि योजनाही तीच. म्हणून लिहायला बसले.

आधी एक कबुली देते. मी तिथे फसले हे खरं, पण बाकीच्यांना तिथे घेऊन गेले तीही मीच.

मी फ्रीलान्स सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दिवसभर कॉलवर बोलूनही आज आपण कुणाशीच बोललो नाही, असं संध्याकाळी वाटतं, हे घरून काम करणाऱ्यालाच कळेल. त्यावर उपाय म्हणून आम्ही सहा जण दर मंगळवारी सार्वजनिक वाचनालयात एकत्र बसू लागलो. आत बोलायची बंदी. कुणाचं काही अडलं की दोघं जिन्यात जाऊन कुजबुजत बग शोधायचे. मग एकाने छोटा पांढरा फळा आणला. त्यावर दोन रकाने आखले: ‘अडलंय’ आणि ‘सुटलं’. आल्या आल्या आपलं अडलेलं काम एका ओळीत लिहायचं, खाली नाव टाकायचं आणि गुपचूप कामाला लागायचं. ज्याला त्यातलं कळतं तो मधल्या सुट्टीत तुम्हाला गाठतो. बस, एवढंच.

पण त्या फळ्याने माणसं बांधली. भेटीगाठींच्या कार्यक्रमांत कार्डांची देवाणघेवाण होते आणि दुसऱ्या दिवशी चेहराही आठवत नाही. शुक्रवारी संध्याकाळी तुमचं कोसळलेलं डिप्लॉयमेंट, म्हणजे लोकांच्या वापरासाठी चढवलेलं सॉफ्टवेअर, ज्याने उभं करून दिलं, तो मात्र लक्षात राहतो. एकाची नोकरी गेली तेव्हा चौघांनी आळीपाळीने त्याच्या लुटुपुटुच्या मुलाखती घेतल्या. वर्षभरात आम्ही चाळीस झालो. चाळीस माणसं वाचनालयाच्या टेबलाशी मावत नाहीत. ‘आपली जागा हवी’ असं सगळेच म्हणू लागले आणि नेमका तेव्हा तो आला.

प्रकरण अजून मिटलेलं नाही, म्हणून नाव लिहीत नाही. त्याला संचालक म्हणू. पहिले दोन मंगळवार तो पैशांबद्दल चकार शब्द बोलला नाही. नुसता येऊन बसला. तिसऱ्या मंगळवारी उठला आणि ‘अडलंय’खाली लिहिलं: ‘जागा आहे, माणसं नाहीत.’ सगळे हसले. इतकं सुबक विणलेलं जाळं मी दुसरं पाहिलेलं नाही.

बोलणं अदबीचं. वाचनही होतं त्याचं. कोवर्किंगची सुरुवात ज्याच्यापासून मानतात त्या ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरची गोष्ट तो रंगवून सांगायचा: ९ ऑगस्ट २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोमधल्या ‘स्पायरल म्यूज’ नावाच्या जागेत त्याने आठवड्यातून दोन दिवस टेबलं मांडली, आणि पहिला महिनाभर कुणी फिरकलंच नाही. ‘त्याला माणसांसाठी महिना थांबावं लागलं. तुमच्याकडे ती आधीच आहेत. अर्धी लढाई तुम्ही जिंकलीच आहे, मॅडम.’ गोष्ट खरी आहे. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलतो असं थोडंच आहे! फक्त त्याच गोष्टीचा पुढचा भाग त्याने कधी सांगितला नाही. ती जागा साधारण वर्षभरात बंद झाली आणि २००६ मध्ये ‘हॅट फॅक्टरी’ या दुसऱ्या जागेने तिची जागा घेतली. जागा बंद पडतात. त्या वेळी आपले किती पैसे आत आहेत, हा प्रश्न आधी विचारायचा असतो. आम्ही तो विचारला नाही.

संचालकाची जागा म्हणजे चौथा मजला, काचेचं दार, भिंतीवर मोठ्या अक्षरांत कोवर्किंगवाले नेहमी सांगतात ती पाच तत्त्वं: सहकार्य, समुदाय, टिकाऊपणा, खुलेपणा, सर्वांना प्रवेश. ‘टिकाऊपणा’तला ‘ऊ’ थोडा सुटला होता आणि मी तो अंगठ्याने दाबून बसवलाही होता. वायफायचा वेग त्याने स्वतःच्या फोनवर दाखवला. आकडा पाहून मुलं खूश. पण तो सुट्टीचा दिवस होता, मजल्यावर आमच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि त्याने दाखवला तो फक्त डाउनलोडचा आकडा. खऱ्या लीज्ड लाइनवर, म्हणजे फक्त आपल्यासाठी राखीव जोडणीवर, अपलोडही जवळपास तेवढाच मिळतो. घरगुती ब्रॉडबँडवर तो बऱ्याचदा पार आपटतो. आमच्यातल्या एका नेटवर्कवाल्याने पुढे तपासलं तर त्याने सांगितलेल्या ‘दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइनी’ एकाच कंपनीच्या निघाल्या. तोवर पैसे भरून झाले होते.

आता या धंद्याचं गणित थोडं सांगते, कारण ते माहीत असतं तर मी जास्त सावध राहिले असते. कोवर्किंगवाला जागा घाऊक घेतो, वर्षानुवर्षांच्या करारावर, आणि खुर्च्या किरकोळीत महिन्याच्या बोलीने विकतो. त्याचं भाडं ठरलेलं, तुमचं जाणं-येणं तुमच्या मर्जीवर. दिवस चांगले असतात तोवर मधला फरक हा नफा. खुर्च्या रिकाम्या झाल्या की तोच खड्डा. नीट नोंदणी झालेल्या बड्या कंपन्यासुद्धा या खड्ड्यात गेल्या आहेत. १९८९ मध्ये ब्रसेल्समध्ये सुरू झालेल्या रीजस या तयार ऑफिसं भाड्याने देणाऱ्या कंपनीला डॉटकॉमचा फुगा फुटल्यावर २००३ मध्ये अमेरिकेतल्या शाखेसाठी दिवाळखोरीचं संरक्षण मागावं लागलं. २०१० मध्ये सुरू झालेल्या वीवर्क या कोवर्किंग कंपनीचं मूल्य २०१९ च्या सुरुवातीला ४७ अब्ज डॉलर धरलं होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांनीही तेच दार ठोठावलं. त्यांच्यावर मी फसवणुकीचा आरोप करत नाही. मुद्दा एवढाच, की सरळ मार्गाने चालवूनही हा धंदा बुडू शकतो. मग ज्याच्या मनात पहिल्यापासूनच काळंबेरं आहे त्याला वर्षाचे पैसे आगाऊ मिळाले, तर याची टोपी त्याला घालायला तो मोकळाच.

आमच्याकडून त्याने तेच मिळवलं. महिन्याचं सदस्यत्व होतं, पण त्यात ठरलेलं टेबल नाही, लॉकर नाही, मीटिंगची खोली नाही. वर्षाचं घेतलं की हे सगळं, वर दोन महिने फुकट आणि ‘संस्थापक सदस्य’ हा बिल्ला. शिवाय दोन महिन्यांची अनामत. योजना महिनाअखेरपर्यंतच. महिनाअखेर तीनदा पुढे ढकलली गेली, तरी कुणाला संशय आला नाही, कारण प्रत्येक वेळी ‘तुमच्याच माणसांसाठी वाढवली’ हे तो माझ्या तोंडून वदवून घेत होता.

माझी गोष्ट वेगळी होती. मला ‘कम्युनिटी लीड’ हे पद, फुकट टेबल आणि पुढे नफ्यात हिस्सा. हिस्सा अर्थातच तोंडी. मी नव्या माणसांना जागा दाखवायची, फळा चालवायची, गुरुवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपलं चालू काम पाच मिनिटांत दाखवायचं असा उपक्रमही सुरू केला. लोक यायचे, रमायचे आणि जाताना पैसे भरून जायचे. ते टेबल मला फुकट मिळालंय असं मी समजत होते. खरं तर ते माझ्या शब्दाचं भाडं होतं. चार महिन्यांत ३१ जणांनी वर्षाचे पैसे भरले. त्यातल्या निम्म्यांनी तरी भरण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, ‘माणूस बरा आहे ना?’ मी दरवेळी हो म्हटलं.

खुणा नव्हत्या असं नाही. पावतीवर एक नाव, बँक खात्याचं दुसरं आणि दारावरच्या पाटीवर तिसरं. पावतीवर कराचा नोंदणी क्रमांक नाही. कराराची प्रत मागितली की ‘वकिलांकडे आहे’. एकदा सफाईला येणाऱ्या बाई मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, ‘ताई, साहेबांनी दोन महिन्यांचे पैसे दिले नाहीत. तुम्ही सांगून बघाल का?’ मी सांगितलं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, ‘अरे देवा, हिशेबाचं सॉफ्टवेअर बदललंय ना, त्यात राहिलं असणार.’ आणि मी, जिचं पोट सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून भरतं, मी ते मान्य केलं! त्या बाईंना पैसे मिळाले की नाही, ते परत विचारलंही नाही. सगळ्या प्रकरणात माझं मला सर्वात लागलेलं हे आहे.

मंगळवार होता. सकाळी कार्ड लावलं, हिरवा दिवा लागायच्या जागी लाल लागला. पुसून पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मागून आणखी दोघं आले, त्यांचंही तेच. मग दाराच्या खालच्या बाजूला साखळी दिसली, आणि साखळीला कुलूप. काचेतून आतलं सगळं दिसत होतं: कुणाचा मॉनिटर, खुर्चीवर टांगलेला हेडफोन, आणि फळ्यावर ‘अडलंय’खाली सोमवारी लिहिलेली ओळ, ‘मेमरी लीक, कारण सापडत नाही’. ज्याने लिहिली तो माझ्या शेजारी उभा राहून ती वाचत होता.

दुपारी जागामालकाचा व्यवस्थापक आला. आमचे संचालक मालकाचे भाडेकरूच नव्हते. मूळ भाडेकरूकडून त्यांनी जागा घेतलेली, म्हणजे पोटभाडेकरू. मूळ करारात पोटभाडेकरू ठेवायला मनाई होती. पाच महिन्यांचं भाडं थकलेलं. आमच्या पावत्या पाहून व्यवस्थापक म्हणाला, ‘पण तुम्ही लोक कोण? आमच्या कागदावर तुम्ही नाहीच आहात.’ उर्मटपणे म्हणाला नाही, खरोखर गोंधळून म्हणाला. कायद्यानेही बहुतेक ठिकाणी तसंच असतं. कोवर्किंगच्या सदस्याला भाडेकरूचे हक्क मिळत नाहीत, त्याच्याकडे नुसती बसण्याची परवानगी असते, आणि परवानगी देणाऱ्याचाच हक्क संपला की ती कागदावरही उरत नाही. आतलं सामान मिळायला दोन आठवडे लागले. ज्यांच्याकडे बिल किंवा सिरियल नंबरचा फोटो होता त्यांना ते लगेच दिलं, बाकीच्यांना शपथपत्र करून द्यावं लागलं.

संचालकाचा फोन पहिले तीन दिवस लागत होता. ‘मालकाने अन्याय केलाय, आपण सगळे मिळून लढू.’ चोराच्या उलट्या बोंबा. चौथ्या दिवसापासून बंद. पोलिसांनी आधी हा दिवाणी वाद म्हणून टोलवला. एकाच योजनेत ३१ जणांच्या पावत्या एकत्र लावून नेल्यावर तक्रार घेतली. एकेकटे जाऊ नका, हे त्यातून शिकलो.

पैसे कुणाला मिळाले? तिघांना. त्यांनी क्रेडिट कार्डाने भरले होते आणि ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून बँकेकडे व्यवहारावर हरकत घेतली. त्याला ठरावीक मुदत असते, ती ओलांडायच्या आत त्यांनी कागद दिले, आणि न मिळालेल्या महिन्यांचे पैसे परत आले. बाकीच्या सगळ्यांना ‘थेट खात्यात भरा, मशीनचं कमिशन कशाला’ असं सांगून त्याने ती वाटही आधीच बंद केली होती. तेव्हा ते काटकसरीचं वाटलं होतं.

त्या डेव्हलपरला मी उलट प्रश्नच पाठवले. मूळ भाडेकरार दाखवतील का, आणि त्यात जागा पुढे वापरायला देण्याची परवानगी आहे का? करार, पावती आणि खातं एकाच नावावर आहे का? महिन्याच्या बोलीवर ठरलेलं टेबल मिळतं का, आणि नसेल तर का नाही? अनामत कुठे ठेवतात? शिवाय कामाच्या दिवशी, भर दुपारी, स्वतःच्या लॅपटॉपवर अपलोड तपासून बघ. आणि सफाईवाल्यांना, पहारेकऱ्याला पगार वेळेवर होतो का, ते विचार. लाजू नकोस, त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. त्याने यातले पहिले दोन प्रश्न जाहिरातीतल्या नंबरवर विचारले. उत्तर आलं, ‘सर, तुम्ही आधी एकदा जागा बघायला या.’

आम्ही आता पुन्हा वाचनालयात बसतो. अकरा जण उरलोत. फळा परत मिळाला, मेमरी लीकवाली ओळ ‘सुटलं’मध्ये गेली. काही जण माझ्याशी बोलत नाहीत, आणि मला त्यात गैर वाटत नाही. एका डिझायनर मुलीने पहिल्या मोठ्या कामाचे सगळे पैसे माझ्या एका ‘हो’वर तिथे भरले होते. तिचे मी हप्त्याने परत करते आहे. ती नको नको म्हणते, मी दर महिन्याच्या ५ तारखेला पाठवते. अजून तीन राहिलेत.